व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प, जळगावचा उन्हाळा आणि घरातली अर्थिंग

जळगाव-भुसावळकडे व्हॉल्व्हवर (म्हणजे काचेच्या ट्यूबवर) चालणारा गिटार ॲम्प वापरणारे बोटावर मोजण्याइतके. त्यामुळे तो बिघडला की दाखवायचा कुणाला, इथूनच अडचण सुरू होते. दुकानदार मागून वाकून बघतो, आत काचेचे व्हॉल्व्ह दिसले की "हे आमच्याकडे होत नाही भाऊ" म्हणून मोकळा होतो. मार्च ते सप्टेंबर २०२४ या काळात मी माझा ॲम्प दुरुस्त करून घेतला, थोडाफार सुधारूनही घेतला. खान्देशात आणखी कुणाकडे असं यंत्र असेल, तर पैसे आधी कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही, हे कळावं म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

ॲम्प परदेशी बनावटीचा, पंधरा वॅटचा. आउटपुटला दोन ईएल८४ व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी तीन १२एएक्स७ (आपल्याकडचे जुने रेडिओवाले यालाच ईसीसी८३ म्हणतात) आणि बारा इंची, आठ ओहमचा स्पीकर. जानेवारीत पुण्यात एकाकडून ३८,००० रुपयांना घेतला आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने मांडीजवळ ठेवून आणला. थंडीत छान वाजला. मी दिवसा पतसंस्थेत नोकरी करतो. संध्याकाळी दोन-तीन पोरांना गिटार शिकवतो आणि गणपती-नवरात्रात एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. एवढ्यासाठी पंधरा वॅट पुरून उरतात.

होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि ॲम्प घुमायला लागला. सुरुवातीला नुसती हलकी घरघर होती. आठवड्याभरात ती इतकी वाढली की गिटार हळू वाजवली तर घरघरच जास्त ऐकू यायची. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तशीच. गिटारच्या तारांना हात लावला की त्यातली थोडी कमी व्हायची, हात काढला की परत. शिवाय एकदा अनवाणी वाजवत असताना माइकला ओठ लागला आणि सणकन मुंग्या आल्या. तेव्हा हे प्रकरण नुसतं आवाजाचं नाही हे लक्षात आलं.

गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली. मोबाइल, लॅपटॉप, होम थिएटर सगळं होतं. व्हॉल्व्ह म्हटल्यावर एकाने मला नळवाल्याकडे पाठवायची तयारी दाखवली. ओळखीचे साउंडवाले होते, पण लोकसभेच्या प्रचारसभा सुरू झालेल्या, त्यांना जेवायला फुरसत नव्हती. पुण्याच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर सहा ते आठ हजार मजुरी सांगितली, व्हॉल्व्हचे पैसे वेगळे, आणि ॲम्प पाठवायचा तर व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधून पाठवा म्हणाला. हा सल्ला चांगला आहे, लक्षात ठेवा. पण ट्रान्सपोर्टच्या भरवशावर काच पाठवायला माझं मन धजेना. बाकी ज्याला विचारावं तो एकच सांगे: ट्यूब बदला, सगळं ठीक होईल. ते काही मला पटत नव्हतं. ट्यूब नवीन घालून माइकचा शॉक कसा जाणार?

फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी गेलो होतो. परत येताना एका गल्लीत 'रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर दुरुस्ती' अशी उडालेल्या रंगाची पाटी पाहिली होती, आत एक म्हातारे गृहस्थ मोठा लाकडी रेडिओ उघडून बसलेले. ती पाटी आता आठवली. ॲम्प रिक्षात, मग रेल्वेत घालून अमळनेर गाठलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आप्पांनी ॲम्प चालू करायच्या आधी वायर पाहिली. मला म्हणाले, "प्लग बघ." तीन पिनच्या प्लगमधली वरची जाड पिन कुणीतरी कापून टाकलेली होती, म्हणजे अर्थिंगच तोडलेलं. जुन्या मालकाच्या घरी दोन भोकांचं सॉकेट असावं, त्याची ही सोय. मग मागचा फ्यूज बाहेर काढला. काचेच्या नळीवर बाहेरून तांब्याची तार गुंडाळलेली. आतला फ्यूज केव्हाच उडालेला, काम तार करत होती. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत, नुसतं तो फ्यूज माझ्या हातात ठेवला. तुम्ही सेकंडहँड ॲम्प घेत असाल तर आवाज ऐकण्याआधी या दोन गोष्टी बघा. फ्यूज ॲम्पच्या पाठीवर छापलेल्या आकड्याचाच हवा आणि तिथे 'टी' लिहिलं असेल तर सावकाश उडणारा. जास्त अँपिअरचा फ्यूज घातला तर पुढे पॉवर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो इकडे मिळत नाही.

नवीन तीन पिनची वायर आणि योग्य फ्यूज लावून त्यांनी ॲम्प सिरीज बोर्डवर चालू केला. सिरीज बोर्ड म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब यंत्राच्या आधी मालिकेत जोडलेला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. आमचा मंद झाला. (असे तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत. आप्पांनी खोकंभर साठवून ठेवलेत.)

घरघर मी घरीच थोडी तपासली होती ती त्यांना सांगितली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग किंवा फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) बाजूने येणारी घरघर ५० हर्ट्झची असते. ॲम्पच्या आतल्या डीसी सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकले तर घरघर १०० हर्ट्झची येते, कारण रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवून बघा. घरघर त्याच्या जवळपास जुळली तर संशय कपॅसिटरवर, एक सप्तक खाली असेल तर बाहेर शोधा. फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं फुकटचं ॲप मिळतं, त्यात तर दोन्ही शिखरं सरळ दिसतात. माझ्याकडे दोन्ही होती.

आप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हॉल्व्हनं मंग देखू भाऊ. पहिले तुना घरनी अर्थिंग देख."

घरी वायरमन बोलावला. एप्रिलचा दुसरा आठवडा, पाडवा नुकताच झालेला. त्याने मीटरने मोजलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्येच १८ व्होल्ट. मग फेज आणि अर्थिंग यांच्यात शंभरचा बल्ब लावून दाखवला: आतली तार नुसती लालसर झाली, उजेड नाहीच. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक होतं, त्याला वायरही होती, पण ती जमिनीपर्यंत पोचून उपयोग नव्हता. (ही बल्बची चाचणी आपण करायची नाही. वायरमनलाच करू द्या.) मागच्या अंगणात खड्डा उघडला. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तशी तिथेही भेगाळलेली होती. माती वाळली की तिचा विरोध वाढतो. पाईपभोवती ओल नाही तर अर्थिंगही नाही. वडिलांच्या काळात लावलेला तो पाईपही गंजून हातात आला.

नवीन आठ फुटी जीआय पाईप, कोळसा, मीठ, वरून पाणी घालायला नरसाळं, मजुरीसकट ४,२०० रुपये. त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला, त्याचे १,९५० वेगळे. आई म्हणाली, एका पेटीपायी अंगण खणलं. पण त्याच आठवड्यात धुण्याच्या मशीनचा बारीक शॉकही बंद झाला, तेव्हा ती गप्प झाली. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा त्या नरसाळ्यात दोन बादल्या पाणी टाकतो.

एवढं केल्यावर ५० हर्ट्झचं शिखर जवळजवळ नाहीसं झालं. तारांना हात लावला-काढला तरी फरक पडेना. माइकला ओठ लागला तरी काही नाही. लोकांच्या सल्ल्याप्रमाणे आधी ट्यूब मागवल्या असत्या तर हे सगळं जसंच्या तसं राहिलं असतं.

राहिली १०० हर्ट्झची. तिचं औषध फिल्टर कपॅसिटर. आप्पा त्यांना अजून कंडेन्सरच म्हणतात. माझ्या ॲम्पमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा एक आणि २२ मायक्रोफॅरडचे तीन, सगळे ४५० व्होल्टचे. ऑर्केस्ट्रातला एक मित्र कामासाठी मुंबईला जाणार होता, त्याच्याकडून लॅमिंग्टन रोडवरून मागवले. त्याला चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं होतं: ४५० व्होल्टपेक्षा कमी नको, १०५ अंशांचाच हवा. हे दुसरं फार महत्त्वाचं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ अंशांचे आणि १०५ अंशांचे असे दोन्ही मिळतात आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. या प्रकारच्या कॉम्बो ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह उलटे लटकतात आणि सर्किट त्यांच्या वर असतं, म्हणजे चुलीवरच्या तव्यासारखं. त्यात खोलीच ४२-४३ अंशांवर. पुण्यात दहा वर्षं टिकेल तो कपॅसिटर जळगावात तेवढा टिकेल असं मी धरणार नाही. चार मोठे आणि बायसच्या (व्हॉल्व्हने किती करंट घ्यायचा हे ठरवणाऱ्या उण्या व्होल्टेजच्या) सप्लायचे दोन छोटे मिळून १,१५० रुपये झाले.

कपॅसिटर बदलायचं काम आप्पांनी केलं, मी शेजारी स्टुलावर. ही गोष्ट ज्याने आधी कधी केलेली नाही त्याने एकट्याने करू नये, असं मला तरी वाटतं. आउटपुटचे व्हॉल्व्ह काढून त्यांनी सप्लाय तपासला, मग प्लग काढून बाजूला ठेवला. चहा आला, चहा झाला, मीटर लावला तर अजून १९० व्होल्ट. डीसी. व्हॉल्व्ह जागेवर आणि गरम असले तर हा साठा त्यांच्यातून लवकर उतरतो, काढलेले असले तर तसाच बसून राहतो. आप्पांनी एक दहा किलोओहम, दहा वॅटचा रेझिस्टर घेतला, त्याला दोन्हीकडे रबरी टोपीचे चिमटे. एक चिमटा चेसिसला (ॲम्पच्या आतल्या धातूच्या सांगाड्याला), दुसरा कपॅसिटरच्या टोकाला, आणि डावा हात पाठीमागे. पाच-सहा सेकंदांत मीटर शून्यावर आला. तरी चिमटे तसेच ठेवून काम केलं. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे खूप आहेत. तसं करू नका म्हणाले, कपॅसिटरही मरतो आणि कधीकधी माणूसही.

जुन्यांपैकी एकाचा माथा फुगून त्यावर तपकिरी कड आलेली होती. बाकीचे दिसायला ठीक, पण सगळेच बदलले. एक थकला की बाकीचेही त्याच वयाचे. प्रत्येक वायर काढायच्या आधी आप्पांनी नातीच्या नेलपॉलिशने तिच्यावर आणि बोर्डवर ठिपका दिला. मी फोनवर फोटो काढत होतो, पण खरं सांगायचं तर जोडताना ठिपकेच कामी आले. इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला तर फुटतो, म्हणून वजा बाजूची पट्टी दोघांनी तपासायची, हा त्यांचा नियम. व्हॉल्व्हच्या होल्डरखालचे सोल्डरचे सांधे उष्णतेने तडकलेले होते. भिंगातून बघितलं तर पिनभोवती बारीक गोल चीर. तेही नव्याने सोल्डर केले. होल्डरच्या आत आयसोप्रोपाइल लावलेला बारीक ब्रश फिरवला, सैल झालेल्या पिना सुईने किंचित आवळल्या.

परत सिरीज बोर्ड, परत मंद बल्ब. मग सरळ लाईनवर. घरघर गेली. म्हणजे शून्य झाली असं नाही, व्हॉल्व्हच्या ॲम्पला थोडा श्वास असतोच. पण स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येईना. आणि जाड तारांचा आवाज एकदम घट्ट झाला. मी तोवर स्पीकर बदलायचा विचार करत होतो, कारण खालचे सूर पसरट वाटायचे. तो विचार तिथेच सोडला आणि अकरा-बारा हजार वाचले.

आता व्हॉल्व्ह. घरी आणल्यावर रात्री अकराच्या सुमारास वाजवत होतो, दिवा बंद. डावीकडच्या ईएल८४ मधली आतली राखाडी पट्टी एका जागी लालसर दिसली. व्हॉल्व्हच्या काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरायचं नाही, ती निरुपद्रवी. फिलामेंटचा नारिंगी उजेडही नेहमीचाच. पण ती राखाडी पट्टी, म्हणजे ॲनोडचा पत्रा, लाल होणं म्हणजे व्हॉल्व्ह सोसण्यापलीकडे करंट घेतोय. लगेच बंद. (आणि माथ्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो गेलाच.) सॉकेटवर मीटर लावला तर २४८ व्होल्ट. संध्याकाळी सात वाजता तेच सॉकेट २०८ दाखवत होतं. आमच्या भागात पंप आणि कूलर चालू असले की व्होल्टेज उतरतं, रात्री भार कमी झाला की चढतं. ॲम्पच्या आतली सगळी व्होल्टेजं त्याच प्रमाणात वर जातात.

आप्पांनी सांगितलं, नवीन जोडी मागव, पण ती घालायच्या आधी बायस बघावा लागेल. तोवर त्यांनी डब्यातून दोन जुने ईएल८४ काढून दिले, खोक्यावर 'बीईएल'. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स साठच्या दशकापासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. आपल्याकडच्या जुन्या रेडिओ-ॲम्प्लिफायरांत ईएल८४ आणि ईसीसी८३ असायचे, तेच गिटार ॲम्पमध्ये चालतात हे मला तोवर माहीत नव्हतं. जुन्या रेडिओवाल्याकडे असा माल निघाला तर घ्या. दोन ईसीसी८३ मी ३०० रुपयांना एक याप्रमाणे घेतले, ते आजही ॲम्पमध्ये आहेत. ईएल८४ मात्र जुळलेले नव्हते, एक जास्त करंट घ्यायचा, एक कमी. म्हणून ते तात्पुरतेच.

आज नवीन व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने जगात थोडेच उरलेत: स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा गावचा जेजे, रशियात सारातोव्हचा, आणि चीनमधले. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा सगळीकडे भाव चढले होते. मी जेजेच्या ईएल८४ च्या दोन जुळलेल्या जोड्या आणि एक जादा ईसीसी८३ युरोपातल्या दुकानातून २ मे रोजी मागवला. माल साधारण ६,३००, कुरिअर १,८००.

पार्सल ६ मेला निघालं, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, मुंबईच्या कस्टममध्ये पोचल्याचा मेसेज आला आणि तिथेच बसलं. कुरिअर कंपनीकडून केवायसीची लिंक आली: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, शिवाय त्यांनी माझ्या वतीने कस्टमची कागदपत्रं भरावीत याचं संमतीपत्र. पॅनवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. माझ्या पार्सलवर वडिलांचं नाव नव्हतं, पॅनवर होतं, त्यावरून एक फेरी मेलची झाली. मग वस्तू काय आणि कशासाठी असं विचारलं. मी लिहिलं: इलेक्ट्रॉन ट्यूब, ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीसाठी, वैयक्तिक वापर, विक्रीसाठी नाही. सोबत दुकानाचं बिल आणि कार्डाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. १३ मेला मतदानाची सुट्टी. १६ तारखेला ड्यूटीचा आकडा आला.

या आकड्याबद्दल दोन शब्द. ड्यूटी फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, मालात कुरिअरचं भाडं आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर लागते. त्यात मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि वर आयजीएसटी. शेवटी कुरिअर कंपनीची स्वतःची फी आणि तिच्यावर जीएसटी. मला सगळं मिळून २,७६० रुपये बसले. ऑर्डर करतानाच हा खर्च धरून चाला. आणि दुकानदार "किंमत कमी लिहू का?" असं विचारत असेल तर नको म्हणा, किंमत संशयास्पद वाटली की पार्सल अडकतं आणि पुरावे देत बसावं लागतं.

२० मे, सोमवार, पार्सल हातात. पाचही व्हॉल्व्ह शाबूत. जोड्यांच्या खोक्यांवर मिलिअँपिअरचे आकडे हाताने लिहिलेले होते, ते दुकानाकडून मागून घेतले होते म्हणून.

पुढच्या रविवारी आप्पांकडे बायस. माझ्या ॲम्पमध्ये फिक्स्ड बायस आहे, पण तो कमी-जास्त करायला कारखान्याने बटण दिलेलं नाही. (काही ॲम्पमध्ये कॅथोड बायस असतो, तिथे व्हॉल्व्ह स्वतःला बरंच सांभाळून घेतो. आपल्यात कोणता आहे हे सर्किटच्या नकाशावरून कळतं, तो आधी मिळवा.) आप्पांनी प्रत्येक ईएल८४ च्या कॅथोडला (व्हॉल्व्हचा सगळा करंट जिथून जातो त्या टोकाला) एक ओहमचा रेझिस्टर लावला. एक ओहमवर जेवढे मिलिव्होल्ट तेवढेच मिलिअँपिअर, डोक्याला ताप नाही. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) ॲम्प २४८ व्होल्टवर नेला: ॲनोडवर ३३२ व्होल्ट, करंट ३९ मिलिअँपिअर. गुणाकार जवळपास १३ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट. त्यातला थोडा करंट स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) असतो तो वजा केला तरी व्हॉल्व्ह पूर्ण कड्यावर उभा. लाल होणारच.

बायसच्या जागी त्यांनी एक ठरावीक रेझिस्टर आणि त्याच्यासोबत छोटा ट्रिमपॉट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) बसवला. जोडणी अशी केली की ट्रिमपॉटचा काटा पुढेमागे सुटलाच तर बायस जास्तीत जास्त उणे होईल आणि व्हॉल्व्ह थंड पडेल, जळणार नाही. हे तुमच्या दुरुस्तीवाल्याला आवर्जून विचारा. मग डिमरस्टॅट २४० वर ठेवून करंट २५ मिलिअँपिअरवर आणला, म्हणजे मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. वीस मिनिटं तापू दिलं, पुन्हा पाहिलं, किंचित फिरवलं. फिलामेंटवर २४५ व्होल्टला ६.७ व्होल्ट आले, ६.३ च्या दहा टक्क्यांच्या आत, चालेल.

आवाजात फरक पडला का? पडला. पूर्वी बटण चारच्या पुढे गेलं की लगेच चुरचुरायचा, आता जरा उशिरा आणि गोडीने फाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याला जुनाच आवाज आवडायचा. त्याला व्हॉल्व्हचं बिल भरायचं नाहीये.

नंतर दोन किरकोळ गोष्टी केल्या. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा मागच्या जाळीवर बाहेरून बसवला, बारा व्होल्टचा पंखा नऊ व्होल्टच्या वेगळ्या ॲडॉप्टरवर चालवतो म्हणजे आवाज करत नाही. ३५० रुपये. वर हात ठेवून बघितलं तर चेसिस पूर्वी हात ठेवू देत नव्हती, आता देते. आणि ५०० व्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर, ४,८०० रुपये. रिलेवाला स्वस्त मिळतो, पण तो टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये टक् ऐकू येतं.

११ सप्टेंबरला भुसावळला गणपतीचा कार्यक्रम होता. स्टेजला जनरेटर. लाइन द्यायच्या आधी मी सॉकेटमध्ये मीटर घातला तर २५८. जनरेटरवाल्याला म्हटलं, "दादा, थोडं खाली आणा ना." तो म्हणाला, "सगळ्यांचे ॲम्प याच्यावरच चालतात." शेवटी त्याने उतरवून २३५ केलं, पण ढोल-ताशावाल्यांचे हॅलोजन लागले की परत हलायचं, तिथे स्टॅबिलायझर कामाला आला. कार्यक्रम झाला, ॲम्प नीट वाजला. गुंडाळताना स्पीकरची पिन काढण्याआधी ॲम्प बंद करायचा, हे मात्र त्या गडबडीतही पाळा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प चालू ठेवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

मजुरी म्हणून आप्पांनी सगळं मिळून २,५०० घेतले, ते मला कमीच वाटले, पण जास्त घ्यायला ते तयार नव्हते. एकूण हिशोब: अर्थिंग आणि आरसीसीबी ६,१५०, कपॅसिटर १,१५०, व्हॉल्व्ह, कुरिअर आणि ड्यूटी मिळून १०,८६०, बीईएलचे दोन ६००, पंखा आणि स्टॅबिलायझर ५,१५०, वायर-फ्यूज ३००. मजुरी धरून २६,७१०. यातलं अर्थिंग, कपॅसिटर आणि बायस हे मी पुन्हा याच क्रमाने करीन. ईएल८४ ची दुसरी जोडी अजून खोक्यातच आहे. आता लावलेली जोडी दोन-एक वर्षं जावी असा अंदाज आहे, आणि ती बदलली की बायस परत मोजायचा म्हणून एक ओहमचे ते दोन रेझिस्टर आप्पांनी तसेच ठेवलेत. योग्य फ्यूज पाचाची पुडी घेऊन त्यातले दोन मागच्या जाळीच्या आत टेपने चिकटवून ठेवलेत, म्हणजे स्टेजवर कुणी तार शोधायला जाणार नाही.